एक्सआरएफ गनवर प्रोफाइल आणि टेम्प्लेट बसवताना: कोणाला काय बदलू द्यावे आणि नोंदीत काय यावे

आपला प्रश्न असा आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील आपल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये हातात धरायचे नवे एक्सआरएफ यंत्र, म्हणजे क्ष-किरणांनी धातूतील मूलद्रव्ये मोजणारी गन, आले आहे. दोन पाळ्यांत मिळून तीन ऑपरेटर ते वापरतात आणि यंत्र देणाऱ्याच्या माणसाने जाताना सगळ्यांसाठी एकच लॉगिन करून दिले आहे. ग्राहकाच्या निरीक्षकाने मागच्या महिन्यातील एका रीडिंगवर बोट ठेवून ते कोणत्या जॉइंटचे आहे असे विचारले, तेव्हा आपल्याला उत्तर देता आले नाही. म्हणून प्रोफाइल (प्रत्येक वापरकर्त्याचे लॉगिन व अधिकार) किती करावीत, टेम्प्लेट (रीडिंगसोबत भरायच्या रकान्यांचा साचा) किती असावेत आणि त्यांतले कोणते रकाने सक्तीचे ठेवावेत, हे आपण विचारत आहात. मी चिपळूणला राहतो आणि गेली सतरा वर्षे रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कारखान्यांत मिश्रधातूंच्या ओळखीचे, म्हणजे पीएमआयचे काम करतो. त्या अनुभवावरून सविस्तर लिहीत आहे.

आकड्यांकडे वळण्यापूर्वी अडचण नेमकी कोठे आहे ते पाहू. आपल्या गनने त्या दिवशी क्रोमियम, निकेल आणि मॉलिब्डेनम बरोबरच मोजले असणार. मात्र ते रीडिंग कोणत्या तुकड्याचे, कोणी घेतलेले आणि यंत्राच्या कोणत्या मांडणीत घेतलेले, या तीन गोष्टी त्याच्यासोबत साठवल्या गेल्या नाहीत. पहिल्या गोष्टीची जबाबदारी टेम्प्लेटची, दुसरीची प्रोफाइलची आणि तिसरी दोघांच्या मध्ये पडते, म्हणून तीच बहुधा निसटते. सहा महिन्यांनी एखादा अनोळखी माणूस आपल्या फाइलमधील एक ओळ वाचेल आणि तिच्या आधारे शॉपमध्ये जाऊन त्याच जागेवर पुन्हा गन टेकवू शकेल, अशी नोंद हवी. पुढे जे सांगतो आहे ते सगळे एवढ्यासाठीच आहे.

काही गोष्टी यंत्राच्या बनावटीवर अवलंबून आहेत. काही यंत्रांत प्रत्येक प्रोफाइलला स्वतंत्र अधिकार देता येतात आणि ठरावीक टेम्प्लेट त्याला बांधून ठेवता येते, तर काहींत ॲडमिन आणि साधा वापरकर्ता अशा दोनच पायऱ्या असतात. काहींत रकान्याला निवडीची यादी जोडता येते, काहींत फक्त मोकळी जागा मिळते. आपल्या कामात पाइप स्पूल जास्त आहेत की प्रेशर व्हेसल, आणि ग्राहक शंभर टक्के तपासणी मागतो की नमुन्याची, यावरही बरेच ठरते. म्हणून मी बटणे कोणती दाबावीत हे सांगण्यापेक्षा निर्णय कसे घ्यावेत ते सांगतो.

प्रोफाइलपासून सुरुवात करू. माझ्या मते आपल्याकडे तिन्ही ऑपरेटरांची तीन स्वतंत्र प्रोफाइल असावीत आणि ॲडमिनचे एक. ॲडमिनचा पासवर्ड गुणवत्ता प्रमुख आणि त्यांच्या गैरहजेरीत काम पाहणारी एक व्यक्ती, एवढ्यांकडेच असावा. ऑपरेटरला रीडिंग घेणे, टेम्प्लेटमधील रकाने भरणे आणि जुनी रीडिंग पाहणे, इतके पुरते. रीडिंग पुसणे, बीमच्या, म्हणजे गन सोडते त्या क्ष-किरणांच्या एकेका झोताच्या, वेळा बदलणे, ग्रेड लायब्ररीत, म्हणजे यंत्रात साठवलेल्या मिश्रधातूंच्या यादीत, फेरफार करणे, घड्याळ पुढे-मागे करणे आणि सुरक्षेच्या सोयी बंद करणे या गोष्टी त्याच्या पडद्यावर दिसूच नयेत. ऑपरेटरवर अविश्वास म्हणून हे करायचे नाही. रात्रपाळीत एखादी गोष्ट चुकून बदलली गेली तर तिचा दोष त्याच्या माथी येऊ नये, यासाठी हे त्याचेच संरक्षण आहे, आणि आपल्या माणसांना ते याच शब्दांत समजावून सांगावे.

सगळ्यांकडे ॲडमिनचे अधिकार असले की काय होते, याचा एक अनुभव सांगतो. किनाऱ्यावरच्या एका दुरुस्तीच्या यार्डात बोटींचे प्रोपेलर तपासायचे होते. काम लवकर उरकावे म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी हलक्या मूलद्रव्यांसाठीचा दुसरा बीम बंद केला होता आणि तो तसाच राहिला. निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझमध्ये साधारण नऊ टक्के ॲल्युमिनियम असते. दुसऱ्या बीमशिवाय ते यंत्राला दिसत नाही, आणि मिश्रधातूंच्या मोडमध्ये बहुतेक यंत्रे दिसलेल्या मूलद्रव्यांची बेरीज शंभरावर नेऊन बसवतात. त्यामुळे ८० टक्क्यांच्या आसपासचे तांबे पडद्यावर ८८ च्या आसपास दिसू लागले, निकेल आणि लोखंडही थोडे फुगले, आणि चांगले प्रोपेलर एकामागून एक 'ग्रेड जुळत नाही' म्हणून बाजूला ठेवले गेले. धातूत दोष नव्हता आणि डिटेक्टरही ठीक होता. मांडणी बदलली होती आणि ती कोणी व केव्हा बदलली याची नोंद कोठेच नव्हती. म्हणून वापरलेले बीम आणि त्यांची वेळ प्रत्येक रीडिंगबरोबर आपोआप साठवण्याची सोय आपल्या यंत्रात असेल, तर ती आजच चालू करावी.

लॉगिनचा एक व्यावहारिक मुद्दा आहे. हातात मोजे असताना लांबलचक पासवर्ड कोणी टाकत नाही. मग एकजण सकाळी लॉगिन करतो आणि दिवसभर गन तिघांच्या हातांतून फिरते. चार अंकी पिन ठेवावा, पाळी बदलताना लॉगआउट करणे गन हातात देण्या-घेण्याच्या वहीत लिहून घ्यावे आणि यंत्र पंधरा मिनिटे पडून राहिले तर आपोआप बाहेर पडेल असे करावे. प्रोफाइलला माणसाच्या नावाची आद्याक्षरे आणि त्याचा हजेरी क्रमांक द्यावा. 'ऑपरेटर एक', 'ऑपरेटर दोन' अशी नावे वर्षभराने कोणाची होती हे कळत नाही. कोणी नोकरी सोडली तर त्याचे प्रोफाइल पुसू नये, फक्त बंद करावे, नाहीतर काही यंत्रांत त्याच्या जुन्या नोंदींवरील नावही जाते.

आता टेम्प्लेट. ग्राहकागणिक किंवा जॉबगणिक टेम्प्लेट करण्याचा मोह फार होतो आणि वर्षभरात यादी चाळीसवर जाते. त्या यादीतून योग्य ते निवडणे ही ऑपरेटरसाठी नवीच चूक करण्याची जागा ठरते. मी टेम्प्लेट वेगळे करताना एकच कसोटी लावतो: या रीडिंगवरून पुढे निर्णय कोणता घेतला जाणार आहे? स्टोअरमध्ये आलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा, हा एक निर्णय. बसवलेला भाग आणि वेल्ड ड्रॉइंगप्रमाणे आहेत की नाहीत, हा दुसरा. हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओतीचा क्रमांक, पुसला गेलेले ऑफकट कोणत्या रॅकवर ठेवायचे, हा तिसरा. गन आज विश्वासार्ह आहे की नाही, हा चौथा. आपल्या शॉपला एवढे चार टेम्प्लेट पुरतील असे मला वाटते. ग्राहकाचे नाव आणि जॉब नंबर हे त्यांतले रकाने आहेत, त्यांच्यासाठी वेगळे टेम्प्लेट नको.

सक्तीच्या रकान्यांबाबत मात्र मला थोडे थांबून सांगायचे आहे, कारण येथे मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. रायगडच्या किनारपट्टीवरील एका प्रकल्पात जुलै महिन्यात व्हेसलच्या नोझलची तपासणी होती. नोंद परिपूर्ण व्हावी म्हणून मी अकरा रकाने सक्तीचे ठेवले होते. परांचीवर प्लास्टिकचा कागद ताणला होता, बाजूने पाऊस येत होता आणि ऑपरेटर ओल्या मोज्यांनी पडद्यावरचा कीबोर्ड दाबण्याचा प्रयत्न करत होता. संध्याकाळी फाइल उतरवली तेव्हा ४६ रीडिंग होती आणि सातव्या रीडिंगपासून अकराच्या अकरा रकान्यांत केवळ एक टिंब होते. यंत्राला रकाना रिकामा नको होता, आणि टिंबाने त्याचे समाधान होत होते. पुढचे दोन दिवस आम्ही तीच रीडिंग पुन्हा घेतली. त्या ऑपरेटरला मी बोल लावला नाही, कारण त्या जागी उभे राहून अकरा रकाने भरणे कोणालाही शक्य नव्हते.

तेव्हापासून सक्तीचे रकाने मी तीन किंवा फार तर चार ठेवतो, आणि ते ठरवताना ज्या जागी रीडिंग घ्यायचे त्या जागी उभे राहून ठरवतो. मालाच्या टेम्प्लेटमध्ये जॉब नंबर, हीट नंबर आणि वस्तूचा प्रकार, म्हणजे पाइप, प्लेट, फ्लँज, एल्बो, फास्टनर यांपैकी एक. जोडणीच्या टेम्प्लेटमध्ये ड्रॉइंग नंबर, जॉइंट नंबर आणि जागा. ऑपरेटर, तारीख, वेळ, यंत्राचा क्रमांक या गोष्टी यंत्राने स्वतः भराव्यात. जॉब आणि ड्रॉइंग नंबर पाळीच्या सुरुवातीला एकदा भरून पुढच्या रीडिंगना तसेच चालू राहतील असे ठेवावे, पण हीट नंबर आणि जॉइंट नंबर मात्र कधीही आपोआप पुढे नेऊ नयेत. ते पुढे चालू राहिले की ऑपरेटर दुसऱ्या फ्लँजवर जातो आणि पहिल्या फ्लँजचा हीट नंबर त्याच्या नावावर चढतो. अशी नोंद दिसायला बिनचूक असते, त्यामुळे पकडली जात नाही. रिकाम्या रकान्यापेक्षा ती कितीतरी घातक आहे.

जेथे शक्य असेल तेथे टाइप करण्याऐवजी यादीतून निवड ठेवावी, आणि जेथे टाइप करावेच लागेल तेथे लिहिण्याची एकच पद्धत ठरवून गनच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवावी. '७', '०७' आणि 'जे-७' हे आपल्याला एकच जॉइंट वाटतात, पण संगणकाला ते तीन वेगळे जॉइंट असतात. आकडे नेहमी तीन अंकी, ००७ असे लिहिले तर फाइल क्रमाने लागते आणि राहून गेलेला जॉइंट लगेच नजरेस येतो. आपल्या यंत्राला बारकोड वाचता येत असेल तर स्टोअरमध्येच हीट नंबरची चिठ्ठी छापून लावणे सगळ्यात उत्तम.

जोडणीच्या टेम्प्लेटमधील 'जागा' हा रकाना लहान वाटतो, पण मी त्याशिवाय काम सुरू करत नाही. त्याच्या यादीत एका बाजूचा मूळ धातू, वेल्ड आणि दुसऱ्या बाजूचा मूळ धातू अशा तीन नोंदी असाव्यात. कारण वेल्डवरच्या रीडिंगला प्लेटची कसोटी लागत नाही. कार्बन स्टीलला स्टेनलेस जोडताना ३०९ एल फिलर (वेल्डमध्ये वितळवून भरायचा धातू) वापरला जातो, ज्यात क्रोमियम २३ ते २५ आणि निकेल १२ ते १४ टक्के असते. वेल्डमध्ये दोन्ही बाजूंचा धातू वितळून मिसळतो, म्हणून तेथले रीडिंग यापेक्षा खाली येते आणि लायब्ररीतील कोणत्याच ग्रेडशी धड जुळत नाही. जागेची नोंद नसेल तर संध्याकाळी कार्यालयात बसलेल्या माणसाला ते रीडिंग चुकीच्या मालाचे वाटते. वेल्ड अरुंद असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. गनचा ठिपका साधारण आठ ते दहा मिलिमीटरचा असतो आणि तो शेजारच्या प्लेटवर सांडतो. तीन मिलिमीटरच्या लहान ठिपक्याची सोय असेल तर ती वेल्डसाठी वापरावी आणि वापरल्याची नोंद व्हावी.

दुसरा असाच रकाना पृष्ठभागाचा: घासलेला, नुसता पुसलेला की जसा आहे तसा. आपल्या किनाऱ्यावर तो फार उपयोगी पडतो. खारी हवा, पावसाळ्यातला दमट थर आणि जांभ्याची लाल धूळ सगळ्या उघड्या मालावर बसते. हलक्या मूलद्रव्यांचे क्ष-किरण इतके दुबळे असतात की ते पृष्ठभागाच्या जेमतेम काही मायक्रॉनमधूनच बाहेर येऊ शकतात, म्हणून सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमचे आकडे धुळीने सर्वांत आधी बिघडतात. पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असते. ३०४ या स्टेनलेस ग्रेडच्या पाइपवर रंगाचा पातळ डाग राहिला आणि त्यावरच गन टेकली, तर टायटॅनियम दिसते आणि यंत्र बिनदिक्कत ३२१ या टायटॅनियम असलेल्या ग्रेडचे नाव दाखवते. पृष्ठभागाचा रकाना भरलेला असेल तर अशी शंका तेथल्या तेथे फिटते. घासण्यासाठी स्टेनलेसची फ्लॅप डिस्क वेगळी ठेवावी. कार्बन स्टीलवर फिरवलेली डिस्क स्टेनलेसवर लोखंड सोडते. ते आज रीडिंग बिघडवते आणि पावसाळ्यात त्याच जागी तांबेरा येतो.

ग्रेड लायब्ररीबाबत माझा आग्रह असा की कारखान्यातून आलेल्या मूळ लायब्ररीला हात लावू नये. आपल्या शॉपमध्ये जे दहा-पंधरा ग्रेड खरोखर येतात त्यांची वेगळी लायब्ररी करून ती ऑपरेटरच्या प्रोफाइलला जोडावी. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असते आणि ३०४ मध्ये ते जाणूनबुजून घातलेले नसते, तेव्हा हे दोन ओळखायला दोन-तीन सेकंद पुरतात. पण ३०४ आणि ३०४ एल यांतला फरक फक्त कार्बनचा, एलमध्ये जास्तीत जास्त ०.०३ टक्क्यांच्या आसपास, आणि कार्बन एक्सआरएफला दिसतच नाही. अहवालाच्या टेम्प्लेटमध्ये म्हणून एक वाक्य कायमचे छापून ठेवावे: या पद्धतीने कार्बन मोजलेला नाही, एल ग्रेडची खात्री मिल टेस्ट सर्टिफिकेटवरून केली आहे. ऑपरेटरने स्वतःच्या हाताने '३०४ एल' असा निकाल लिहिण्याची सोयच ठेवू नये. ग्राहकाला कार्बनचा आकडाच हवा असेल तर ते काम स्पार्क ओईएसचे, म्हणजे ठिणगीच्या प्रकाशावरून मूलद्रव्ये मोजणाऱ्या यंत्राचे, किंवा कार्बन मोजू शकणाऱ्या लिब्स (लेझरवर चालणाऱ्या) यंत्राचे आहे, हे ऑर्डर घेतानाच बोलून घ्यावे.

वेळेबद्दल थोडक्यात. स्टोअरमधील स्टेनलेस वेगळे करण्याला पहिला बीम पाच सेकंद पुरतो. पी ९ आणि पी ९१ हे क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टीलचे ग्रेड वेगळे ओळखायचे असतील तर ०.२ टक्क्यांच्या आसपासचे व्हॅनेडियम नीट दिसले पाहिजे, तेथे मी दहा-पंधरा सेकंद देतो. ॲल्युमिनियमचे मिश्रधातू किंवा ब्राँझ असतील तर दुसरा बीम किमान पंधरा-वीस सेकंद चालू हवा. या वेळा टेम्प्लेटलाच बांधून टाकाव्यात, म्हणजे टेम्प्लेट निवडले की वेळ आपोआप ठरते.

चौथे टेम्प्लेट रोजच्या तपासणीचे. गनबरोबर ३१६ चा जो तुकडा येतो, तो पाळीच्या सुरुवातीला व शेवटी आणि गन कोठे आपटली तर त्यानंतर लगेच मोजावा. येथे एक चूक सर्रास होते. स्वीकाराची मर्यादा म्हणून ३१६ ची प्रमाणित श्रेणी घातली जाते. तुकड्यात मॉलिब्डेनम २.१ असेल आणि गन २.६ दाखवत असेल, तरी दोन ते तीनच्या श्रेणीत ती उत्तीर्ण होते, आणि बिघाड महिनोन्‌महिने लपून राहतो. मर्यादा त्या तुकड्याच्या स्वतःच्या प्रमाणपत्रातील आकड्याभोवती आखावी आणि तुकड्याचा क्रमांक टेम्प्लेटमध्ये कायम छापलेला असावा.

सुरक्षेचा भाग प्रोफाइलशी थेट जोडलेला आहे म्हणून लिहितो. समोर नमुना नसेल तर बीम चालू न होऊ देणारा सेन्सर असो किंवा ट्रिगर सोडताच बंद होण्याची सोय असो, त्या बंद करण्याचा अधिकार ऑपरेटरच्या प्रोफाइलला देऊ नये, आणि माझे विचाराल तर ॲडमिननेही त्या वापरात बंद करू नयेत. नट-बोल्टसारखी लहान वस्तू हातात धरून मोजायची नाही, त्यासाठी स्टँड घ्यावा. क्ष-किरण यंत्र म्हणून एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी आणि त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवरील नोंद आपल्या नावावर पूर्ण झाली आहे का, तेही तपासावे. ज्याला प्रशिक्षण दिलेले नाही त्याचे प्रोफाइलच तयार करू नये, म्हणजे गन त्याच्या हाती पडली तरी चालू होणार नाही.

हे सगळे बसवल्यावर प्रोफाइल, टेम्प्लेट आणि लायब्ररी यांची प्रत यंत्राबाहेर काढून ठेवावी आणि नावात तारीख घालावी. एकदा माझी गन दुरुस्तीहून परत आली तेव्हा मूळ मांडणीत आली होती आणि माझ्याकडे प्रत नव्हती. सॉफ्टवेअर अद्ययावत करण्यापूर्वीही हीच खबरदारी घ्यावी. रीडिंगची फाइल रोज उतरवावी आणि दोन वेगळ्या गावांत राहील अशी साठवावी. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमधील माझ्या कार्यालयातला संगणक वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेला. गन त्या दिवशी लोट्याला एका शॉपमध्ये होती, म्हणून त्या महिन्याची रीडिंग वाचली, आधीच्या दोन वर्षांची गेली.

टेम्प्लेट तयार झाल्यावर ते आपण स्वतः तपासू नये. रात्रपाळीच्या ऑपरेटरला गन द्यावी, काही न सांगता दहा जॉइंट मोजायला सांगावेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त ती फाइल हातात घेऊन त्यांतले तीन जॉइंट शॉपमध्ये शोधून काढण्याचा प्रयत्न करावा. ज्या ठिकाणी आपल्याला त्याला फोन करून विचारावे लागेल, तेथे एक रकाना कमी पडतो आहे. आणि जो रकाना त्याने दहाही वेळा सारखाच भरला असेल, तो सक्तीतून काढून टाकावा.